दुखत नाही, तरी दवाखान्यात कशाला?

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे, वय १४. त्याला सिकलसेल आहे, तो 'एसएस पॅटर्न'चा आहे, हे तो पाच वर्षांचा असताना कळलं. लहानपणी फार भोगलं त्यानं. दर दोन महिन्यांनी भरती, सलाईन. तीनदा रक्त लावलं. हायड्रॉक्सियुरियाची गोळी नियमित घ्यायला लागल्यापासून मात्र दोन वर्षांत एकदाही भरती करावं लागलं नाही. शाळेत जातो, खेळतो. तरी दर तीन महिन्यांनी नागपूरला बोलावतात. वजन करतात, उंची मोजतात, पोट दाबून बघतात, रक्त-लघवी घेतात आणि 'ठीक आहे' म्हणून परत पाठवतात. त्यात माझी मजुरी बुडते, त्याची शाळा बुडते. आता तोच म्हणतो, 'दुखतच नाही त मंग कायले जाचं?' मला त्याला उत्तर देता येत नाही. खरंच एवढ्या वेळा जायची गरज असते का? आणि किती वर्षं? पेपरात वाचलं, की या आजारावर आता जीन बदलायचा इलाज निघाला आहे. त्याचीच वाट बघावी का?
— एक आई, जि. गोंदिया

उत्तर : ताई, गरज असते, आणि ती जन्मभर असते. रोवणीच्या दिवसांत एका मजुरीची किंमत काय असते हे मला ठाऊक आहे, म्हणून हे वाक्य मी सहज लिहीत नाही. पण त्या फेरीत डॉक्टर नेमकं काय शोधत असतात, हे तुम्हाला आजवर कुणीतरी समोर बसवून सांगायला हवं होतं. पोराचं पोट दाबून बघायचं आणि का बघितलं ते आईला सांगायचं नाही, ही आम्हा डॉक्टरांची चूक आहे. आज ते सांगतो.

मुलगा म्हणतो, दुखत नाही. ते खरं आहे, आणि गोळीचं मोठं यश आहे. पण दुखणं थांबलं म्हणजे आजार थांबला असं होत नाही. तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक घटक बदललेला असतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. एवढ्याशा बदलानं काय होतं, तर पेशीनं आपल्याजवळचा प्राणवायू दिला की आतलं हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटून त्याच्या काड्या बनतात आणि गोल, मऊ पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठ होते. निरोगी पेशी १२० दिवस जगते; ही दहा-वीस दिवसांत फुटते. हे दिवसरात्र चालू असतं, तो फुटबॉल खेळत असताना आणि झोपलेला असतानाही. या पेशी हाडातल्या नसांमध्ये अडकल्या की क्रायसिस, म्हणजे वेदनेचा झटका येतो, पोरगं तळमळतं, आपण धावतो. त्याच पेशी मूत्रपिंडाच्या, डोळ्याच्या बारीक नसांमध्ये थोड्याथोड्या अडकत राहिल्या तर काहीच दुखत नाही. वर्षामागून वर्षं जातात आणि मग एके दिवशी कळतं. बारा ते वीस या वयात हे मुकं नुकसान पाय रोवतं, आणि नेमक्या त्याच वयात मुलाला आपण बरे झालो असं वाटू लागतं.

हे आम्हाला कळलं ते काही माणसांनी मुलांचा माग सोडला नाही म्हणून. जमैका बेटावर किंग्स्टन शहरातल्या व्हिक्टोरिया ज्युबिली हॉस्पिटलमध्ये जून १९७३ ते डिसेंबर १९८१ या काळात जन्मलेल्या एक लाख बाळांचं नाळेतलं रक्त तपासलं गेलं. त्यात सिकलसेलची साधारण साडेपाचशे बाळं सापडली. ग्रॅहम सर्जंट नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुलं पुढची कित्येक दशकं सोडली नाहीत. मुलं शाळेत गेली, वयात आली, त्यांची लग्नं झाली, आणि वजन-उंची-रक्ताच्या नोंदी चालूच राहिल्या. सिकलसेलबद्दल आज जे खात्रीनं सांगता येतं, त्यातलं पुष्कळसं या नोंदींतून आलं आहे.

त्यातली एक गोष्ट तर तुमच्याच प्रश्नाचं उत्तर आहे. सुरुवातीला तिथली दीड-दोन वर्षांची मुलं काही तासांत पांढरी पडून दगावत होती. कारण निघालं पानथरी, म्हणजे डाव्या बरगडीखालची प्लीहा. ती एकाएकी सुजायची आणि अंगातलं रक्त स्वतःत साठवून घ्यायची. डॉक्टरांनी काय केलं? आयांना पानथरी चाचपायला शिकवलं. रोज पोटावर हात ठेवायचा, नेहमीपेक्षा मोठी लागली की पोर उचलून दवाखाना गाठायचा. नवं औषध नाही, यंत्र नाही, आईची बोटं. या मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं.

तिकडच्या बहुतेक मुलांची पानथरी काही वर्षांत आक्रसून नाहीशी होते. आपल्याकडच्या मुलांत बाळपणीचं, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं. त्याचे फायदे आहेत, पण त्यामुळे पानथरीही जास्त काळ टिकते आणि बऱ्याच जणांत किशोरवयातसुद्धा मोठी राहते. म्हणजे जमैकात जो धोका मुख्यतः तान्ह्या-रांगत्या मुलांना, तो आपल्याकडे चौदा वर्षांच्या मुलालाही असू शकतो. म्हणून दर वेळी पोट दाबून बघतात. तुम्हीही शिकून घ्या. त्याला उताणा निजवून गुडघे दुमडायला सांगा. बोटं सपाट ठेवून बेंबीच्या खालपासून डाव्या बरगडीकडे हळूहळू सरका आणि प्रत्येक ठिकाणी त्याला खोल श्वास घ्यायला लावा. श्वासाबरोबर नाकाच्या शेंड्याइतकी टणक कड बोटांना येऊन टेकली, तर ती पानथरी. बरगडीपासून किती बोटं खाली आहे ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या फेरीला डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवा. चुकत असेल तर ते हात धरून दाखवतील.

पानथरीचं दुसरं काम जंतूंशी लढण्याचं. सिकलसेलमध्ये ती मोठी असली तरी हे काम नीट करत नाही. म्हणून न्यूमोकोकसची लस, म्हणून लहानपणी पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन, आणि म्हणूनच १०१ च्या वर ताप गेला तर 'उद्या बघू' नाही, त्याच रात्री दवाखाना. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलपट्ट्यात मलेरियाचंही लक्षात ठेवा. सिकलसेलचा वाहक, म्हणजे 'एएस' असलेला माणूस, मलेरियाच्या जीवघेण्या तडाख्यातून बराचसा वाचतो. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी हे दाखवून दिलं आणि आपल्या भागात हा जीन इतका का टिकला याचा उलगडा झाला. पण हे कवच वाहकाचं आहे. एसएस मुलाला मलेरिया झाला तर तो इतरांपेक्षा जास्त खचतो. त्याच्या खाटेला मच्छरदाणी हवीच.

आता लघवी. ही तपासणी लोकांना सगळ्यात निरर्थक वाटते आणि माझ्या मते या वयात तिच्याइतकं महत्त्व दुसऱ्या कशाला नाही. निरोगी माणसाची मूत्रपिंडं पाणी वाचवतात. कमी प्यालं तर लघवी घट्ट, पिवळी होते. सिकलसेलमध्ये ही ताकद अगदी लहानपणीच जाते. मुलगा कितीही तहानलेला असो, लघवी पातळ आणि भरपूर होतच राहते. त्यामुळे त्याचं अंग इतरांपेक्षा लवकर कोरडं पडतं, आणि अंग कोरडं पडलं की पेशी विळ्यासारख्या व्हायला वेळ लागत नाही.

एका आश्रमशाळेतला तेरा वर्षांचा मुलगा मला आठवतो. रात्री अंथरूण ओलं व्हायचं म्हणून संध्याकाळी सहानंतर त्याचं पाणी बंद केलेलं होतं. त्याच्या भल्यासाठीच, असं सांगणाऱ्यांना मनापासून वाटत होतं. उन्हाळ्याचे दिवस. तिसऱ्या पहाटे त्याला आणलं तेव्हा दोन्ही पाय पोटाशी घेऊन, दात आवळून पडला होता. आवाजसुद्धा काढत नव्हता. सलाईन चालू झाल्यावर दोन तासांनी म्हणाला, 'पाणी पिऊ का?' परवानगी मागत होता. त्या मुलाला औषधाची कमतरता नव्हती. त्याचं अंथरूण ओलं होणं हा खोडसाळपणाही नव्हता आणि आळसही नव्हता. तो त्याच्या आजाराचाच भाग आहे, हे शाळेत कुणाला माहीत नव्हतं. तुमच्या मुलाच्या वर्गशिक्षकांना चिठ्ठी लिहा : बाकावर पाण्याची बाटली असू द्यावी, आणि लघवीला जायचं विचारलं तर अडवू नये. डॉक्टरांची सही लागत असेल तर मागून घ्या, कुणीही देईल.

लघवी तपासायचं कारण मात्र याहून वेगळं आहे. साधारण दहाव्या वर्षापासून वर्षातून एकदा तरी लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, तपासायला हवं. मूत्रपिंडाची चाळणी झिजायला लागली की पहिल्यांदा हे प्रथिन निसटतं. गंमत अशी नाही, धोका असा आहे, की याच काळात रक्तातलं क्रिएटिनिन अगदी चांगलं येतं. मूत्रपिंडं गरजेपेक्षा जास्त जोरात काम करत असतात, म्हणून आकडा उलट कमीच दिसतो आणि 'किडनीचा रिपोर्ट नॉर्मल' म्हणून सगळे निश्चिंत होतात. अल्ब्युमिन वेळेत सापडलं तर रक्तदाबाच्या औषधांपैकी काही औषधं ती गळती आवरतात. तिशीत डायलिसिसवर आल्यावर सापडलं तर हातात फारसं काही उरत नाही. रक्तदाबही दर वेळी मोजायला लावा. सिकलसेलच्या मुलांचा तो मुळात कमी असतो, त्यामुळे इतरांना चालेल असा आकडा त्यांच्यासाठी जास्त ठरू शकतो.

खुब्याचं तुम्ही घरीच ओळखू शकाल. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा जिथून रक्त घेतो त्या नसा बारीक असतात; त्या बंद झाल्या की गोळ्याचा तो भाग मरतो आणि पुढे चपटा होतो. सुरुवातीला जांघेत बारीक कळ येते, कधी गुडघ्यात दुखतं आणि सगळे गुडघ्यालाच मलम चोळत बसतात. पंगतीत, जेवायला बसताना बघत जा. नेहमी मांडी घालून बसणारा मुलगा एक पाय पुढे पसरून बसायला लागला, उकिडवं बसणं टाळायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. लवकर कळलं तर त्या पायावरचा भार कमी करून, व्यायाम शिकवून पुष्कळ निभावतं. उशिरा कळलं तर पंचविशीत खुबा बदलायची वेळ येते.

डोळे : दहाव्या वर्षानंतर वर्षा-दोन वर्षांनी बाहुली मोठी करणारे थेंब टाकून दृष्टिपटल बघून घ्यायचं. फळ्यावरचं स्वच्छ दिसतं म्हणून हे टाळू नका. मेंदू : सोळा वर्षांपर्यंत डोक्यातल्या रक्तवाहिन्यांमधल्या रक्ताचा वेग सोनोग्राफीसारख्या एका तपासणीनं मोजतात, सेकंदाला २०० सेंटिमीटरच्या वर गेला तर अर्धांगवायूचा धोका मोठा असतो आणि तो टाळायचे उपाय आहेत. ही सोय सगळीकडे नाही, पण मोठ्या दवाखान्यात एकदा विचारा. आणि चांगला शिकणारा मुलगा एकाएकी गणितात मागे पडला, विसरायला लागला, तर 'मोबाइलमुळे' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांच्या कानावर घाला.

वजन आणि उंची का मोजतात? सिकलसेलची मुलं वयात उशिरा येतात, वर्ष-दोन वर्षं तरी. नववी-दहावीच्या वर्गात बाकीच्यांना मिसरूड फुटलेलं असतं, आवाज फुटलेला असतो आणि हा मात्र सहावीतला वाटतो. मुलगी असेल तर पाळी उशिरा येते, शेजारणी विचारायला लागतात. तुम्ही सांगा, की हे उशिरा होतं, पण होतं. विशीपर्यंत बहुतेक जण उंची भरून काढतात. वजन-उंचीचे ठिपके ज्या कागदावर मांडतात, ती रेघ हळूहळू का होईना वर चढत असेल तर चिंता नाही. आडवी झाली तर मात्र कारण शोधावं लागतं. हे त्याला डॉक्टरांनी तो कागद समोर ठेवून दाखवायला हवं. चौदा वर्षांच्या मुलाला आपल्या मूत्रपिंडाची काळजी नसते. आपण बुटके का, याची असते. तिथून बोलणं सुरू केलं तर तो ऐकतो.

आणखी एक गोष्ट आहे, जी घरात बोलली जात नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. सिकलसेलच्या मुलग्यांना या वयात कधीकधी लिंग ताठ होऊन तसंच राहतं आणि दुखतं. मनात काही विचार नसताना, बहुधा पहाटे. तिथल्या नसांत पेशी अडकल्यानं हे होतं. मुलं लाजेनं मरतात पण सांगत नाहीत. आपल्याच हातून काही वाईट घडलं असं त्यांना वाटतं. पाणी प्यावं, लघवीला जावं, थोडं चालावं. दोन तासांत ओसरलं नाही तर सरळ दवाखान्यात. चार तास उलटून जाऊ देणं म्हणजे कायमचं नुकसान ओढवून घेणं. ताई, तुम्हाला बोलणं अवघड जाणार. त्याच्या वडिलांना किंवा मामाला सांगा, नाहीतर डॉक्टरांना सांगा, की दोन मिनिटं मुलाशी एकट्यानं बोला. या वयापासून प्रत्येक फेरीत डॉक्टरांनी मुलाशी थोडा वेळ एकट्यानं बोललंच पाहिजे, आणि आईनं तेवढा वेळ बाहेर बाकावर बसायला हरकत घेऊ नये.

गोळीबद्दल थोडं. हायड्रॉक्सियुरिया गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवते, म्हणून पेशी वाकड्या कमी होतात. १९९५ साली अमेरिकेतल्या मोठ्यांवरच्या चाचणीत तिनं क्रायसिस जवळजवळ निम्मे केले. आपल्याकडे नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी मुलांवर अभ्यास करून दाखवलं, की किलोमागे १० मिलिग्रॅम एवढ्या कमी ठरावीक डोसनंही मुलांना चांगला फायदा होतो. पण ही गोळी पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही कमी करू शकते. म्हणून डोस बसेपर्यंत महिन्याला आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासतात. शिवाय डोस वजनावर असतो. बाराव्या वर्षी ठरवलेला डोस चौदाव्या वर्षी कमी पडतो, कारण मधे पोरगा आठ किलोनं वाढलेला असतो. फेरी चुकली की गोळी चालू राहते, पण तिचं काम अर्धवट होतं. आणि 'बरा आहे' म्हणून गोळी मनानं बंद करू नका. बरा आहे तो गोळीमुळेच.

तीन महिन्यांनी नागपूरच गाठलं पाहिजे असं मात्र नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारा, की मधल्या रक्ततपासण्या आणि गोळ्या जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात होतील का? गोंदियालाही आता मेडिकल कॉलेज आहे. वर्षातून एक-दोनदा सगळी मोठी तपासणी एकाच दिवशी नागपूरला आणि बाकी जवळ, असं बऱ्याच मुलांचं जमवता येतं. शाळेच्या सुट्ट्या बघून तारीख मागून घ्या. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीचा प्रवास मोफत असतो, आणि २०१६ च्या कायद्यानं हा आजार अपंगत्वाच्या यादीत आला आहे. प्रमाणपत्र काढून ठेवा. पुढच्या वर्षी दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळायला ते उपयोगी पडेल.

आता 'किती वर्षं' याचं उत्तर. जन्मभर, पण जन्मभर तुम्ही न्यायचं नाही. मला या पत्रात सगळ्यात जास्त याबद्दल बोलायचं होतं.

लहानपणी मुलाचा आजार आईच्या पदरात असतो. तारखा तिच्या लक्षात, गोळ्या तिच्या डब्यात, फाइल तिच्या पिशवीत. आपल्या बऱ्याच सरकारी दवाखान्यांत बारा वर्षं पूर्ण झाली, की मुलाला बालरोग विभागातून मेडिसिनच्या ओपीडीत पाठवतात. ओळखीच्या सिस्टर नाहीत, लांब रांग, समोर रोज नवा डॉक्टर, आणि केसपेपरवर दोन ओळी. तिथेच मुलं गळतात. अमेरिकेतल्या डॅलस शहरात जन्मापासून नोंद ठेवलेल्या ९४० मुलांचा अहवाल २०१० साली आला. त्यात एसएसची जवळजवळ ९४ टक्के मुलं अठरा वर्षांपर्यंत पोहोचली होती. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी हे स्वप्न वाटलं असतं. पण अलीकडचे जे मृत्यू झाले, ते सगळे अठरा ओलांडलेल्यांचे होते आणि त्यातले अनेक मोठ्यांच्या दवाखान्यात गेल्यावर लवकरच झालेले.

या आजाराची लिखित नोंदसुद्धा एका तरुणापासून सुरू होते. वॉल्टर क्लेमेंट नोएल, ग्रेनाडा बेटावरून शिकागोला दाताचा डॉक्टर व्हायला आलेला विशीतला मुलगा. १९०४ च्या अखेरीस तो दवाखान्यात आला, अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरनं त्याच्या रक्तात वाकड्या पेशी पाहिल्या, आणि अडीच वर्षं आयर्न्स व त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक नोएलची प्रकृती बघत राहिले. तो आजारी पडत राहिला, सावरत राहिला, आणि शिकून पदवी घेऊन घरी गेला. त्याच्या आजारावरचा हेरिक यांचा निबंध १९१० साली छापून आला. नोएल आपल्या गावी दवाखाना चालवत होता. १९१६ साली छातीच्या आजारानं गेला, बत्तिसाव्या वर्षी. त्या काळी देण्यासारखं औषध नव्हतं. आज आहे, आणि तरी मुलं हातची जातात ती फाइल आईच्या पिशवीतच राहिल्यामुळे.

मी स्वतः एक मुलगी अशीच गमावली आहे. सात वर्षं येत होती, आईबरोबर. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. सासरी सांगितलं नव्हतं. सिकलसेलचं लाल कार्ड माहेरच्या पेटीत राहिलं, गोळ्या बंद झाल्या. कुणालाच माहीत नाही म्हटल्यावर विचारणार कोण? गरोदरपणात सातव्या महिन्यात तिला छातीत दुखून दम लागला तेव्हा तिथल्या डॉक्टरांना पॅटर्न ठाऊक नव्हता. मला कळलं ते तिची आई वर्षभरानं धाकट्याला घेऊन आली तेव्हा. सात वर्षांत मी त्या मुलीला सरळ असं कधीच विचारलं नव्हतं, की तुझा आजार तू कुणाला कसा सांगशील? मी दर वेळी तिच्या आईशीच बोलत होतो. ही गोळी चालू असताना गर्भ राहू नये म्हणून आधी डॉक्टरांशी बोलायचं असतं, बाळंतपण मोठ्या दवाखान्यात करायचं असतं, नवऱ्याचं रक्त तपासायचं असतं. हे सगळं मी तिला सोळाव्या वर्षी सांगायला हवं होतं.

म्हणून तुमच्या मुलाला पुढच्या फेरीपासून केसपेपर स्वतः काढू द्या. खिडकीवर नाव त्यानं सांगायचं. डॉक्टरांनी 'काय रे, कसा आहेस?' विचारलं की तुम्ही गप्प बसा, कितीही जड गेलं तरी. माझा पॅटर्न एसएस, माझं नेहमीचं हिमोग्लोबिन अमुक, गोळी एवढ्या मिलिग्रॅमची, पानथरी एवढी बोटं, रक्तगट हा. हे त्याला तोंडपाठ हवं, पाढ्यांसारखं. नेहमीचं हिमोग्लोबिन माहीत असणं किती मोलाचं आहे बघा : त्याचं कायमचं आठ असेल, तर कुणी घाबरून उगाच रक्त लावणार नाही, आणि सहावर आलं तर कुणी 'सिकलसेलवाल्यांचं असतंच कमी' म्हणून घरीही पाठवणार नाही. ताप, छातीत दुखणं, दम लागणं, एकाएकी पांढरं पडणं, पोटात डावीकडे फुगणं, तोंड वाकडं होणं किंवा बोलणं अडखळणं यातलं काहीही झालं तर कुणाच्या परवानगीची वाट न बघता दवाखान्यात जायचं, हे त्यानं मित्रांनाही सांगून ठेवायचं. पंधराव्या वर्षी गोळ्यांचा डबा त्याच्याकडे द्या, तुम्ही रविवारी मोजा. सतराव्या वर्षी मोजणंही सोडा. एकदम हात काढून घेऊ नका. सायकल शिकवताना मागून धरतो तसं काही काळ धरून ठेवा.

सरकारनं १ जुलै २०२३ ला शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. चाळीस वर्षांपर्यंतच्या कोट्यवधी लोकांचं रक्त तपासलं जात आहे, कार्डं वाटली जात आहेत. चांगलं काम आहे. पण कार्ड हाती पडल्यावर त्या मुलाला दर वर्षी कुणीतरी नावानं ओळखायला हवं, आणि तो आला नाही तर 'का आला नाहीस?' म्हणून फोन जायला हवा. तुमच्या गावच्या आशाताईंकडे मुलाचं नाव नोंदवलेलं आहे ना, तेवढं बघा.

राहिला जीनच्या इलाजाचा प्रश्न. बातमी खरी आहे. कॅसगेवी नावाच्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस आधी ब्रिटननं आणि मग अमेरिकेनं मान्यता दिली, तीही बारा वर्षांवरच्या रुग्णांसाठी. माणसाच्या अस्थिमज्जेतल्या मूळपेशी काढून त्यात बदल करतात आणि परत सोडतात, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा भरपूर बनू लागतं. त्याआधी कर्करोगाच्या रुग्णांना देतात तसं जबर औषध देऊन जुनी मज्जा रिकामी करावी लागते, कित्येक आठवडे दवाखान्यात राहावं लागतं, आणि अमेरिकेतली त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. आज आपल्यासाठी त्याहून जवळचा रस्ता सख्ख्या भावंडाच्या मज्जेचा आहे. भावंडाची मज्जा जुळायची शक्यता चारात एक. तुमच्या दुसऱ्या मुलांची जुळते का, हे एकदा विचारायला हरकत नाही. पण यातला कोणताही उपचार पेलायला मूत्रपिंड, यकृत, हृदय, फुप्फुसं धड लागतात. दहा वर्षांनी एखादा स्वस्त, सोपा इलाज आपल्या दारी आला, तर डॉक्टर सगळ्यात आधी मुलाची फाइल मागतील. तेव्हा वाट जरूर बघा, पण फेऱ्या चालू ठेवून बघा.

पुढच्या फेरीला दोन गोष्टी आठवणीनं विचारा : लघवीतलं अल्ब्युमिन शेवटचं कधी तपासलं, आणि डोळ्यांत थेंब टाकून तपासणी झाली आहे का? खरं म्हणजे तुम्ही विचारू नका. हे पत्र त्याला वाचायला द्या आणि त्यालाच विचारू द्या.